जुन्या चिनी खाणवस्त्यांवरील धातुशोध आणि आपल्याकडची पांढरी : मार्गदर्शन हवे

वर्धाकाठ

सर्वांना नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो. घरची शेती आहे आणि निवृत्त होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवीत असे. माझा भाचा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगो या शहरात नोकरीला आहे. १८५१ नंतर सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीतून हे शहर वाढले, आणि आजही तेथील पुष्कळ लोक सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन रानात सोन्याचे खडे शोधायला जातात. भाच्याने त्यासाठी लागणारा ‘मायनर्स राइट’ हा परवाना काढला असून तो एका स्थानिक मित्राबरोबर जुन्या खाणींच्या भागात जात असतो.

सोने त्यांना क्वचितच मिळते. मात्र एका ओढ्याकाठी, जिथे पूर्वी चिनी खाणकामगारांची वस्ती होती असे तेथील लोक सांगतात, त्यांचे यंत्र सारखे वाजू लागले. तेथून त्यांनी मधोमध चौकोनी भोक असलेली काही पितळी नाणी, पातळ पितळी पत्र्याच्या चेपलेल्या डब्या आणि हाताने घडवलेले बरेच खिळे काढले. डब्यांवर चिनी अक्षरांचे शिक्के आहेत. त्याने मला छायाचित्रे पाठवली, तेव्हापासून माझ्या मनात त्या माणसांविषयी मोठे कुतूहल आहे. आयुष्यभर इतिहास शिकवूनही चीनमधील शेतकरी सोन्यासाठी ऑस्ट्रेलियात गेले होते, एवढ्यापलीकडे मला त्यांच्याविषयी काहीच ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट आमच्या गावाची. आमच्या शिवेला लागून एक रिठ, म्हणजे उठून गेलेल्या गावाची ओसाड जागा आहे. गाव केव्हा उठले आणि का उठले, हे आज कोणालाही सांगता येत नाही. पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा, उंचवटा मात्र शिल्लक आहे आणि पावसाळ्यानंतर तेथे खापरे, मणी आणि कधीकधी एखादे गंजलेले नाणेही वर आलेले दिसते. भाचा दिवाळीत येणार आहे. येताना यंत्र आणि ती चिनी नाणी घेऊन यावे आणि यंत्र या पांढरीवर फिरवून पाहावे, असा त्याचा विचार आहे.

त्या वस्तू कोणत्या आणि त्यांवरून काय कळते, तो तेथे करीत आहे ते नियमाला धरून आहे का, आणि आमच्या पांढरीवर असे यंत्र चालेल का व चालवावे का, एवढे मला जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नाणेपेटी_अकोला

गुरुजी, नाण्यांपुरते मी सांगू शकतो.

चौकोनी भोकाची ही नाणी चीनमध्ये दोन हजार वर्षे प्रचारात होती. आपल्याकडील जुनी नाणी बहुधा ठोकून पाडलेली असतात. ही मात्र साच्यात ओतलेली असतात आणि त्यांच्या शंभराच्या किंवा त्याहून मोठ्या माळा दोरीत ओवून ठेवीत. दर्शनी बाजूला चार अक्षरे असतात. वरचे आणि खालचे अक्षर मिळून सम्राटाच्या राजवटीचे नाव होते, तर उजवीकडच्या आणि डावीकडच्या अक्षरांचा अर्थ चलनी नाणे असा आहे. मागील बाजूस बहुधा मांचू लिपीत टांकसाळीचे नाव असते. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत एक नाणे खांगशी सम्राटाचे (१६६२–१७२२) आणि दोन छ्येनलुंग सम्राटाची (१७३६–१७९५) दिसतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. खांगशीचे नाणे मिळाले म्हणून ती वस्ती सतराव्या शतकातील ठरत नाही. ही नाणी शे-दीडशे वर्षे हातोहात फिरत राहत, त्यामुळे १८६० च्या सुमारास घर सोडलेल्या माणसाच्या कमरेच्या पिशवीत पणजोबांच्या काळातील नाणे असणे अगदी स्वाभाविक होते. वस्तीचा काळ जुन्या नाण्यावरून ठरत नाही. तेथे मिळालेले सर्वांत अलीकडचे नाणे त्याबाबत अधिक सांगते. अशा वस्त्यांवर कधीकधी व्हिएतनामी नाणी आणि हाँगकाँगची ब्रिटिशकालीन लहान नाणीही मिळतात. ती कोणत्या मार्गाने आली असतील, हे त्यांवरून समजते.

ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये किंवा कॅलिफोर्नियात या नाण्यांनी बाजारहाट होत नसे, कारण तेथे चालणारे चलन वेगळे होते. मग ती नेली कशाला? त्यांचा एक मोठा उपयोग फान-तान या जुगारात होता. मूठभर नाणी वाटीखाली झाकायची, लोकांनी पैसे लावायचे, मग वाटी उचलून काडीने चार-चार नाणी बाजूला सारायची आणि शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात त्यावर हार-जीत ठरायची. शिवाय ही नाणी ताईत म्हणून बाळगली जात आणि औषधोपचारातही वापरली जात. म्हणून नाणे चुलीजवळ इतर दहा नाण्यांसह मिळाले की दारापाशी एकटे मिळाले, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. बाजारात या सामान्य नाण्यांना फारशी किंमत येत नाही. त्यांच्याकडून जी माहिती मिळू शकते ती जागेवरूनच मिळते, आणि भाचेसाहेबांनी ती कोठून उचलली हे लिहून ठेवले नसेल तर ती माहिती जवळजवळ संपली असे समजावे.

आमच्या भागातले उदाहरण देतो. १९३९ मध्ये तऱ्हाळा येथे, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात, सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा निधी सापडला. तो बऱ्यापैकी एकत्र राहिला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, म्हणून पुराणांतील राजांच्या यादीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावे इतिहासाला कळली. हाच निधी पाच-पाच, दहा-दहा नाण्यांनी सराफांकडे गेला असता, तर मोडीच्या भावापलीकडे त्यातून काहीही निघाले नसते.

सुभेदार_बुलढाणा

नमस्कार गुरुजी. मी सैन्याच्या इंजिनिअर दलातून निवृत्त झालो आहे. सुरुंग शोधण्याची यंत्रे हाताळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो.

नाणी शोधण्याच्या साध्या यंत्रात खालच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून काही हजार ते काही दहा हजार हर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह सोडलेला असतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती उशिराने येतो, यावरून वस्तू लोखंडाची असेल की पितळ-तांब्याची, याचा अंदाज यंत्र देते. हा अंदाजच असतो. चेपलेला पितळी पत्रा, बंदुकीच्या काडतुसाची टोपी आणि एखादे नाणे यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो.

आता माती. आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात. त्यामुळे साधे यंत्र काळ्या वावरात कुरकुरत राहते. ‘ग्राउंड बॅलन्स’ करून मातीचा आवाज कमी करता येतो, पण तसे केल्याने खोलवरची वस्तू ऐकू येण्याची शक्यताही घटते. व्हिक्टोरियातील लोहमिश्रित लाल मातीतही हीच अडचण येते, म्हणून तेथील सोने शोधणारे लोक स्पंदनांवर चालणारी वेगळी यंत्रे वापरतात. ती मातीला कमी बुजतात, परंतु लोखंड वगळण्यात तितकी चोख नसतात. पांढरीवर राखेमुळे आणि चुलीत भाजल्या गेलेल्या मातीमुळे आवाज आणखी वेगळा येतो. त्यातच बैलांच्या पायांतून गळालेल्या पत्र्या, वखराच्या पासेचे तुकडे, बंडीच्या चाकाच्या धावेचे लोखंड आणि अलीकडच्या काळातील बाटल्यांची झाकणे इतकी असतात की दिवसभर यंत्र फिरवून माणूस बहुतेक तेच गोळा करतो.

खोलीचीही कल्पना असावी. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक खोल असेपर्यंतच कळते. जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, पुरुषभर खोलीवरचा हंडा ही यंत्रे सांगत नाहीत. आपल्या भागात गुप्तधनाच्या नादाने कसे गुन्हे घडले आहेत, हे सर्वांना माहीत आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा उल्लेख आहे. रिठावर रात्री-अपरात्री यंत्र घेऊन फिरणारा माणूस गावाला कोणत्या नजरेने दिसेल, याचा आपण गांभीर्याने विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

तरीही यंत्र वाईट नाही. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात लिटल बिगहॉर्नची रणभूमी आहे. १८७६ मध्ये तेथे अमेरिकी सैन्यातील अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा लाकोटा आणि शायेन लोकांनी पराभव केला. १९८३ मध्ये तेथील गवत जळून जमीन मोकळी झाली, आणि पुढील वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधाचा छंद असलेल्या स्वयंसेवकांना सोबत घेतले. यंत्र वाजले की तेथे फक्त निशाण लावायचे, उकरायचे नाही. मागून दुसरी तुकडी येऊन ती वस्तू उघडी करी, तिची जागा आणि दिशा मोजून नकाशावर मांडी आणि मगच उचली. काडतुसांवर बंदुकीच्या घोड्याने उमटवलेल्या खुणा जुळवून एकेक बंदूक रणभूमीवर कोठून कोठे सरकली, हेसुद्धा त्यांना काढता आले. आम्ही सुरुंगाच्या कामात याच क्रमाने चालत असू, म्हणून मला त्या कामाचे मोल विशेष वाटते.

वैनगंगा_उत्खनन

गुरुजी, मी नागपूर विद्यापीठातून प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व या विषयाचे शिक्षण घेतले असून भंडारा जिल्ह्यात राहते. आपल्या प्रश्नातील ज्या भागाविषयी आपल्याला सर्वाधिक कुतूहल आहे, म्हणजे ती माणसे कोण होती, त्यापासून सुरुवात करते.

व्हिक्टोरियात गेलेले बहुसंख्य चिनी लोक दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातील होते. त्यातले बरेच शेतकरी घरांतील होते आणि अनेकांनी प्रवासखर्चासाठी कर्ज काढलेले असे. सोने मिळवून आधी ते कर्ज फेडायचे, मग घरी पैसे पाठवायचे. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला आणि जहाजाच्या वजनानुसार किती चिनी प्रवासी आणता येतील, यावरही मर्यादा घातली. मग जहाजे शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब या लहानशा बंदरात माणसे उतरवू लागली आणि तेथून हजारो लोक कावडी खांद्यावर घेऊन चारशेहून अधिक किलोमीटर चालत सोन्याच्या क्षेत्रात पोहोचले. १८५७ मध्ये अशाच एका तांड्याला वाटेत सोने लागले, आणि अरारात हे गाव त्यातून उभे राहिले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बकलंड नदीच्या खोऱ्यात गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्तीवर हल्ला करून तंबू आणि देऊळ जाळले व लोकांना खोऱ्यातून हाकलून दिले. १८५० चे दशक संपताना व्हिक्टोरियात सुमारे ४०,००० चिनी लोक होते.

या माणसांचे स्वतःच्या हातचे लिखाण फार थोडे टिकले आहे. सरकारी नोंदींत त्यांची नावे बहुधा ‘आह’ हे संबोधन लावून, मूळ आडनाव गाळून लिहिलेली आहेत, त्यामुळे कोण कोणत्या गावचा होता हे शोधणे वंशजांनाही कठीण जाते. वर्तमानपत्रांतून त्यांच्याविषयी जे छापून येई त्यात द्वेषच अधिक असे. ते काय खात होते, किती जण एका झोपडीत राहत होते, त्यांनी भाजीचे वाफे कोठे काढले, तुटलेली वस्तू फेकली की दुरुस्त केली, हे सारे केवळ जमिनीत आहे. न्यूझीलंडमधील ॲरोटाउन येथील चिनी वस्तीचे १९८३ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा आणि ओटागो प्रांतातील इतर स्थळांवरही असे दिसले की अफूच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून त्याची ठिगळे, चाळण्या आणि इतर उपयोगाच्या वस्तू केलेल्या होत्या. आपल्या भाच्याला मिळालेल्या चेपक्या पितळी डब्या याच असण्याची शक्यता फार आहे. त्या काळी तेथे अफू कायदेशीर होती आणि सरकार तिच्यावर जकात घेत असे. हाँगकाँगमध्ये शिजवून डबाबंद होणाऱ्या या अफूचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर भारतातून, म्हणजे पाटणा-बनारसकडून आणि आपल्या सातपुड्यापलीकडच्या माळव्यातून जात असे. आर्वीत बसून त्या डबीचे छायाचित्र पाहताना हा संबंधही आपल्या लक्षात असावा, असे मला वाटते.

आता माझी खरी तक्रार. यंत्राला फक्त धातू कळतो. चिनी वस्तीवर ज्या वस्तू सर्वाधिक असतात त्या धातूच्या नसतात: फिकट हिरव्या झिलईचे चिनी मातीचे प्याले, बांबूच्या नक्षीचे भाताचे वाडगे, सोया सॉस आणि खारवलेल्या भाज्यांच्या तपकिरी बरण्या, अफूच्या चिलमींची मातीची बोंडे, काचेच्या सोंगट्या, डुकराची व कोंबडीची हाडे, कोळसा, बिया. यांतील एकाही वस्तूवर यंत्र वाजत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या झोपडीचा सगळा थर बहुधा वीतभर जाडीचाच असतो, आणि सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे यंत्राची पोहोचही तेवढीच आहे. म्हणजे एका नाण्यासाठी काढलेला प्रत्येक खड्डा त्या झोपडीच्या संपूर्ण इतिहासातून आरपार जातो. लोखंड नको म्हणून खिळे बाजूला फेकले, तर भिंत कोठून कोठे होती हे सांगणारी खूण तेवढ्याने पुसली जाते. भाच्याने ‘बरेच खिळे’ काढले असे आपण लिहिले आहे. माझ्या दृष्टीने ते नाण्यांइतकेच महत्त्वाचे होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मायनर्स राइट हा परवाना खनिजे शोधण्यासाठी असतो. जुन्या वस्त्यांतील वस्तू उकरण्याची मुभा त्यात नसते. व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या वारसा कायद्यानुसार ७५ वर्षे किंवा त्याहून जुन्या पुरातत्त्वीय जागांना, त्या सरकारी यादीत असोत वा नसोत, संरक्षण आहे आणि संमतीशिवाय त्या उकरता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये १९०० पूर्वीच्या मानवी वावराच्या जागांना असेच संरक्षण आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंसाठी १९७९ चा कायदा आहे आणि त्यात दंडासह कैदेचीही तरतूद आहे. ऑस्ट्रेलियातून सांस्कृतिक वारशाच्या वस्तू बाहेर नेण्यावर १९८६ च्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत. तेव्हा दिवाळीला ती नाणी इकडे आणू नयेत, असे त्याला आजच कळवावे.

आणखी एक. चिनी वस्तीजवळ दफनभूमी असू शकते. परमुलखात मेलेल्या माणसाच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून मायदेशी पाठवण्याची त्यांची रीत होती. १९०२ मध्ये न्यूझीलंडहून अशा ४९९ जणांचे अवशेष घेऊन निघालेले व्हेंटनॉर हे जहाज होकियांगाजवळ बुडाले. किनाऱ्याला लागलेल्या अस्थी तेथील माओरी लोकांनी आपल्या माणसांप्रमाणे पुरल्या. ज्यांच्या अस्थी परत गेल्या नाहीत ते आजही तेथेच आहेत. अशा जागेच्या आसपास यंत्र घेऊन जाऊच नये.

काळी_माती_यवतमाळ

ताईंनी लिहिलेले सर्व मान्य करूनही एक प्रश्न मला मनापासून विचारायचा आहे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात पांढरीची माती ट्रॉल्या भरभरून वावरात जाते, कारण ती खतासारखी काम करते हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. घराच्या भिंतींसाठीही ती नेतात. पूर्वी फावड्या-टोपल्याने जात असे. आता जेसीबी येतो आणि एका आठवड्यात अर्धी टेकडी नाहीशी होते. मी स्वतः तुरीच्या ओळींत मणी आणि खापरे पाहिली आहेत. कोणताही विभाग येईपर्यंत रिठ शिल्लक राहत नाही. मग एखाद्या अभ्यासू माणसाने यंत्र फिरवून चार नाणी वाचवली, तर त्यात नुकसान ते काय? निदान ती नाणी तरी राहतील. जी जागा कोणी सांभाळतच नाही, तिच्यासाठी उकरू नका हा नियम फक्त प्रामाणिक माणसालाच अडवतो.

वैनगंगा_उत्खनन

भाऊ, आपला मुद्दा अगदी खरा आहे. विदर्भातील पुरातत्त्वाचे सर्वांत मोठे नुकसान डिटेक्टरने होत नाही. ते माती वाहून नेण्याने होते. आमच्या पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि मौर्य-सातवाहन काळातील स्तूप उजेडात आले. कुही तालुक्यातील अडम, वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, पवनार, रामटेकजवळचे मनसर, महुरझरीची शिळावर्तुळे अशा थोड्या ठिकाणांना कुदळीआधी अभ्यासकाची नजर लाभली. बाकीच्या शेकडो पांढरींना ती लाभली नाही.

पण म्हणून उपाय उलटा करावा लागेल. जेथे माती आधीच कापली गेली आहे, तेथे उभ्या कापात थर दिसतात: राख, चोपलेली जमीन, खापरांचा पट्टा, पुन्हा राख. त्या कापाचे मोजपट्टी लावून छायाचित्र घेणे आणि कोणत्या थरातून काय बाहेर आले हे लिहिणे, हे काम कोणताही शिक्षक आणि दहावीची मुले करू शकतात, आणि त्यासाठी एक इंचही उकरावे लागत नाही. ट्रॉलीने वावरात गेलेल्या मातीतून वर आलेल्या वस्तू तर आपल्या थरातून सुटलेल्याच असतात. त्या वेचून, कोणत्या रिठाची माती कोणत्या साली कोणत्या वावरात गेली याची नोंद केली, तर तेही उपयोगी पडते. मूळ उंचवट्यावर मात्र हात लावू नये. आपण म्हणता तशी चार नाणी वाचतील, पण त्यांच्यासोबत ती कोणत्या घरातली होती हे वाचणार नाही, आणि यंत्राच्या आवाजाने गावातील इतर दहा जणांना तेथे धन आहे अशी खात्री पटेल. त्यानंतर ती टेकडी जेसीबीचीसुद्धा वाट पाहणार नाही.

गुरुजींसाठी आपल्याकडील कायदाही सांगून ठेवते. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर काय सापडले, कोठे व कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मूळ मालक न निघाल्यास सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळू शकतो. शासनाला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेता येते. माहिती दडवली तर वाटा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हा कायदा न कळवता विकणाऱ्यालाच शिक्षा करतो आणि कळवणाऱ्याला हक्क देतो, हे आपल्या गावांत फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाहीत. भाचा परत जाताना रिठावरचे एखादे नाणे आठवण म्हणून खिशात टाकेल, तर तेही चालणार नाही.

वर्धाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. काल रात्री भाच्याला ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. त्याने तेथील उकरणे थांबवले आहे आणि यंत्र इकडे आणण्याचा विचारही सोडला आहे. सुदैवाने त्याच्या मित्राने प्रत्येक वस्तू काढताना मोबाईलवर जागेची खूण केलेली आहे, त्यामुळे नाणी व डब्या कोठून आल्या हे अजून सांगता येते. खिळ्यांच्या नोंदी मात्र नाहीत. ते एका पिशवीत एकत्र आहेत. आता या वस्तूंचे काय करावे? पुन्हा पुरून ठेवाव्यात का, असे तो विचारतो.

रिठाविषयी तलाठ्यांकडे चौकशी केली. जमीन सरकारी आहे. निस्तारपत्रकात, म्हणजे सरकारी जमिनीवरील गावकऱ्यांच्या हक्कांच्या नोंदीत, गावकऱ्यांना तेथून माती नेण्याची मुभा लिहिली आहे का, हे पाहायचे आहे. ग्रामसभेत विषय मांडायचा माझा निश्चय झाला आहे.

वैनगंगा_उत्खनन

पुन्हा पुरू नयेत. पुढे कोणी उत्खनन केले तर चुकीच्या जागी पुरलेली वस्तू त्यालाही चुकवील. व्हिक्टोरियाच्या वारसा विभागाला त्याने स्वतःहून लिहावे, जागेच्या खुणा असलेला नकाशा जोडावा आणि वस्तू त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुपूर्द कराव्यात. बेंडिगोतच चिनी समाजाचे गोल्डन ड्रॅगन संग्रहालय आहे; तेथील लोकांनाही कळवले तर त्यांना त्याचे मोल निश्चित वाटेल, कारण हा त्यांच्या पूर्वजांचा वारसा आहे. पितळ घासून चकचकीत करू नये आणि पाण्यात भिजवू नये. खिळ्यांची पिशवी जशी आहे तशीच, ‘या ओढ्याकाठच्या वस्तीवरून, नेमकी जागा अज्ञात’ एवढी चिठ्ठी घालून द्यावी.

ग्रामसभेत जाण्याआधी रिठाची आणि कापलेल्या बाजूंची छायाचित्रे, सर्वे क्रमांक आणि वेचलेल्या खापरांचे नमुने घेऊन नागपूरला राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या कार्यालयात किंवा विद्यापीठातील आमच्या विभागात एकदा यावे. खापरांवरून रिठाचा काळ अंदाजे सांगता आला, तर ग्रामसभेत आपल्या म्हणण्याला वजन येईल. माती नेणे एकदम बंद होणार नाही, हे गृहीत धरावे. उंचवट्याची उरलेली बाजू तेवढी राखून ठेवावी आणि माती फक्त आधी कापलेल्या कडेनेच न्यावी, असा ठराव मिळाला तरी पुष्कळ आहे.

नाणेपेटी_अकोला

डब्यांवरील शिक्क्यांविषयी राहून गेले होते. अफूच्या डब्यांवर कारखान्याची मुद्रा ठोकलेली असते. ‘लाय युएन’ आणि ‘फूक लुंग’ या हाँगकाँगच्या मुद्रा अशा वस्त्यांवर विशेष आढळतात. चेपलेला पत्रा सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, तो तडकतो. अंधाऱ्या खोलीत डबी सपाट ठेवून एका बाजूने, अगदी खालून विजेरीचा प्रकाश टाकावा आणि बरोबर वरून छायाचित्र घ्यावे, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतील. नाण्यांचीही दोन्ही बाजूंनी अशीच छायाचित्रे घेऊन वस्तू सुपूर्द करण्यापूर्वी येथे टाकावीत. मागील बाजूच्या मांचू अक्षरांवरून टांकसाळ कोणती ते वाचून सांगतो.